वारा पडणे

एका शब्दाच्या बाबतीत आमच्याकडून एक चूक झाली. तिला आता काही वर्षे लोटली आहेत. चूक अर्ध्या गुणाची होती, आणि अर्ध्या गुणासाठी लेख लिहावा इतके आमचे अध्यापन निर्मळ नाही. तरीही ती मनातून जात नाही, कारण त्या अर्ध्या गुणाने इंग्रजी शब्दांकडे पाहण्याची आमची सवयच बदलून टाकली. साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुढे ती हकिकत मांडावी, असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. शिकवतो म्हणजे काय करतो, हे या भागात शिकवणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. पाठ मराठीत समजावून सांगतो, शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देतो, आणि ते अर्थ परीक्षेत जसेच्या तसे परत आले की समाधान मानतो. २०१८ सालच्या पावसाळ्यात अंतर्गत चाचणीसाठी आम्ही दहा शब्द दिले होते. प्रत्येकाला अर्धा गुण. त्यांत एक शब्द होता ‘विंडफॉल’. अपेक्षित उत्तर होते ‘अनपेक्षित लाभ’. ‘घबाड’ असे लिहिले तरी आम्ही गुण देणार होतो. एका विद्यार्थिनीने त्यापुढे लिहिले होते : वारा पडणे.

आम्ही लाल शाईने फुली मारली. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु मधल्या सुट्टीत चहा घेताना आम्ही ते उत्तर सहकाऱ्यांना वाचून दाखवले, आणि सगळे हसलो. विंड म्हणजे वारा, फॉल म्हणजे पडणे; जोडून टाकले. असल्या उत्तरांचा आमच्याकडे एक छोटासा संग्रहच आहे, आणि तो वाढत गेला की आपण फार उंच जागी उभे आहोत असा भास होतो.

इंग्रजीतला वारा शिकवणे तसे कठीणच. मुळात शब्दाच्या उच्चारापासून अडचण. तीच अक्षरे ‘विंड’ अशी वाचली की वारा, आणि ‘वाइंड’ अशी वाचली की गुंडाळणे किंवा घड्याळाला किल्ली देणे. त्यापुढे वाक्प्रचारांची रांग. एखाद्या गोष्टीची कुणकुण लागली की इंग्रज म्हणतो, मला तिचा वारा मिळाला. लांबण लावणाऱ्या वक्त्याला तो लांब वाऱ्याचा माणूस म्हणतो. धावताना दम संपल्यावर पुन्हा जी उभारी येते तिला तो दुसरा वारा म्हणतो. एखाद्याचा ऐन भरातला उत्साह मोडून काढला की त्याच्या शिडांतला वारा काढून घेतला असे म्हणतो. आणि दारू फार झालेल्या माणसाचे तीन दोर वाऱ्यावर सुटले आहेत असे म्हणतो. हे दोर शिडाचे, हे वर्गात सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही, आणि सांगितल्यावरही कळतेच असे नाही.

ही यादी नीट लावून पाहिली तर तिच्यात तीन ठिकाणे दिसतात. पहिले ठिकाण समुद्र : शिडे, दोर, वाऱ्याच्या रोखाने किंवा रोखाविरुद्ध चालणारे गलबत. दुसरे शिकार : ज्या सावजाला शिकाऱ्याचा वास वाऱ्यावरून लागतो ते सावध होते, आणि तिथून कुणकुण लागण्याचा अर्थ आला. तिसरे ठिकाण रान आणि बाग : वाऱ्याने पडलेले लाकूड, वाऱ्याने पडलेले फळ. म्हणजे इंग्रजांच्या भाषेतला वारा हा सर्वसाधारण वारा नव्हे. तो एका बेटावरचा, खलाशांच्या, शिकाऱ्यांच्या आणि बागाइतदारांच्या कानांवरून गेलेला वारा आहे.

जालन्याहून समुद्र फार लांब. तरीही आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रांत निवडणुकीच्या दिवसांत अमुक पुढाऱ्याच्या शिडातली हवा तमुक पुढाऱ्याने काढून घेतली, असे छापून येते. ज्यांनी हे लिहिले आणि ज्यांनी हे वाचले, त्यांतल्या बहुतेकांनी शीड पाहिलेले नसावे. कोकणच्या किनाऱ्यावर खारे वारे आणि मतलई वारे हे शब्द मासेमारीच्या व्यवहारातले आहेत. आमच्या मुलांना ते भूगोलाच्या पुस्तकात भेटतात आणि परीक्षा झाली की निघून जातात.

आमचा वारा वेगळा. तो खळ्यावरचा. यंत्रे येण्यापूर्वी ज्वारी मळून झाली की तिवईवर उभे राहून पाटीतले धान्य उंचावरून सोडावयाचे, आणि वाऱ्याने भूस बाजूला न्यावे, दाणा खाली पडावा. याला उफणणे म्हणतात. माणसाच्या अंगात कितीही बळ असो, हे काम वाऱ्यावाचून होत नसे. वारे सुटले की रात्री-अपरात्री उठून उफणणी सुरू करावयाची, आणि वारे थांबले की हात बांधून बसावयाचे. या थांबण्याला मराठीत काय म्हणतात? ‘वारं पडलं’ असे म्हणतात. वारा पडणे म्हणजे वारा थांबणे. पाटी डोक्यावर तशीच राहते, भूस आणि दाणा एकत्रच राहतात, आणि वर ढग जमलेले असतील तर घरातल्या सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळते.

हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. आमचे बालपण अशाच खळ्यांच्या आसपास गेले. परंतु उत्तरपत्रिका हातात घेतली की आमचे ठाऊक असणे दोन कप्प्यांत विभागले जाते. एका कप्प्यात इंग्रजी, दुसऱ्यात घर. आणि मधली खिडकी बंद.

खिडकीवरून आठवले. इंग्रजीतला ‘विंडो’ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. तो उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होता वाऱ्याचा डोळा. संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ हा एक शब्द आहे : वाऱ्याची वाट. आणि ‘गवाक्ष’ हा दुसरा : गाईचा डोळा. दोन टोकांच्या माणसांनी भिंतीला भोक पाडले आणि दोघांनाही प्रथम आठवला तो वारा, उजेड नंतर. हे साम्य वर्गात सांगितले की मुलांचे चेहरे उजळतात. वारा आणि विंड यांचे नातेही तसेच जुने. संस्कृत ‘वात’, लॅटिन ‘व्हेन्टुस’ आणि इंग्रजी ‘विंड’ हे एकाच कुळातले शब्द. उफणण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, ‘विनो’, तो विंडपासूनच निघाला आहे. लॅटिनमध्ये धान्य वाऱ्यावर उधळण्यासाठी जे क्रियापद होते त्यावरून ‘व्हेंटिलेटर’ आला. हा शब्द आमच्या लहानपणी दाराच्या वरच्या झडपेसाठी घरोघर वापरला जाई. आणि २०२० व २०२१ या दोन वर्षांत त्याचा अर्थ असा काही बदलला की झडपेला व्हेंटिलेटर म्हणताना आता जीभ अडखळते. खळ्यापासून अतिदक्षता विभागापर्यंत एकच वारा आला आहे.

मराठीत त्याच्या जोडीला ‘हवा’ आहे. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. आमचा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या बोलण्यात तो अधिकच मुरलेला. दोन शब्द एकाच अर्थाचे असले की भाषा त्यांच्यात कामे वाटून देते, तशी ती इथेही वाटली गेली आहेत. फुग्यात हवा भरतात, वारा भरत नाहीत. पुढाऱ्याची हवा असते, वारा नसतो. देवीच्या नवरात्रात मात्र अंगात वारे येते. तिथे हवा चालत नाही. मुलगा कॉलेजात गेला की त्याला शहरचे वारे लागते. ज्यांचे कुणी नाही त्यांना वाऱ्यावर सोडले जाते. अशक्य गोष्टीसाठी खटपट करणारा वाऱ्याची मोट बांधत असतो. संधिसाधू वारा पाहून पाठ फिरवतो. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट लक्षात येते : मराठीत वाऱ्याकडून कुणाला काही मिळाले आहे, असे फारसे आढळत नाही. वारा नेतो, लागतो, झोंबतो, फिरतो, पडतो. देत नाही.

असो. मूळ हकिकतीकडे वळतो.

उत्तरपत्रिका वर्गात वाटल्यानंतर ती विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. गुणांसाठी वाद घालणाऱ्यांपैकी ती नव्हती. तिने विचारले, “सर, विंडफॉल म्हणजे फायदा असं तुम्ही सांगितलं. पण पुस्तकात मागं त्याचा पहिला अर्थ दिलाय, वाऱ्यानं पडलेलं फळ. मग वाऱ्यानं फळ पडलं तर फायदा कसा?”

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. फळ तोडावयाचे कष्ट पडले नाहीत, ते आपोआप हाती आले, म्हणून लाभ. ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, आमच्याकडं मोसंबी आहे.” आणि नमस्कार करून गेली.

हे वाक्य आम्हांला उत्तर म्हणून कळावयास दोन दिवस लागले.

जालन्यातील मोसंबीविषयी बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. अंबड, घनसावंगी, बदनापूर, जालना या तालुक्यांत मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. फळाच्या नावातच समुद्र आहे : ‘मोसंबी’ हा शब्द आफ्रिकेतील मोझांबिकवरून आला असे मानले जाते. आणि ज्या मोसमी वाऱ्यांवर तिकडची गलबते इकडे येत, त्या ‘मोसम’ या शब्दाचे मूळ अरबीत. तोच पोर्तुगिजांच्या तोंडून जाऊन इंग्रजीत ‘मान्सून’ झाला. म्हणजे आमच्या जिल्ह्यातले सर्वांत ओळखीचे फळ नावापुरते तरी वाऱ्यावरून आले, असे म्हणावयास हरकत नाही.

मोसंबीचे दोन मुख्य बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो अंबिया, पावसाच्या तोंडावर येतो तो मृग. अंबियाची फळे ऑगस्टपासून पुढे काढणीला येतात, आणि नेमक्या याच दिवसांत गळ सुरू होते. पावसात मोठा खंड पडून झाडाला ताण बसला, नंतर एकदम पाणी झाले, मुळांना बुरशी लागली, रात्री रस शोषणाऱ्या पतंगाने फळाला भोक पाडले, अन्नद्रव्ये कमी पडली. अशी गळीची अनेक कारणे आहेत. देठ आतून सुटत आलेला असतो. मग एखाद्या संध्याकाळी वारे सुटते आणि सकाळी बागेत पिवळा-हिरवा सडा पडलेला असतो. वारा बहुधा निमित्त असतो, पण सडा पाहणाऱ्याला दिसतो तो वाराच.

त्या वर्षी सप्टेंबरात आम्ही तिच्या गावी गेलो. बोलावणे तिच्या वडिलांचे होते. मुलीच्या शिक्षकांनी एकदा यावे, एवढेच. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी ओलांडून पुढे गेल्यावर काही मैलांवर त्यांचे शेत. पावसाने दीर्घ ओढ दिली होती. पुढे ऑक्टोबरात राज्य सरकारने दुष्काळ जाहीर केला त्यांत जालना जिल्ह्यातलेही तालुके होते, परंतु बागेत उभे राहिल्यावर तो जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. पाने वळली होती. बांधावर वारा अडवण्यासाठी लावलेली शेवरी विरळ झाली होती. झाडांखाली फळे पडलेली होती. काही लिंबाएवढी, काही पूर्ण भरलेली.

“या सर, बसा,” असे म्हणून त्यांनी बाज पुढे केली. मग थोडे थांबून म्हणाले, “पोरगी सांगत होती. इंग्रजीत ह्याला फायदा म्हणतेत म्हणे.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. कुतूहल होते. त्यामुळेच आम्हांला मान वर करता येईना.

त्यांनी हिशेब सांगितला. २०१२-१३ च्या दुष्काळात याच भागात बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी झाडे तोडून सरपणाला विकली. त्यांनी टँकरचे विकत पाणी घालून अर्धी बाग जगवली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, २०१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा झाली. त्यातून जे फळ झाडावर राहिले ते आता खाली पडत होते. बाग त्यांनी एका व्यापाऱ्याला उक्ती दिली होती आणि इसार घेतला होता. काढणीपूर्वी पडलेले फळ कुणाचे, हा त्यांच्यातला वादाचा मुद्दा होता. व्यापारी म्हणे, माझा सौदा झाडावरच्या मालाचा. हे म्हणत, सौदा बागेचा झाला. “झाडावर असलं तं त्याचं,” ते म्हणाले, “आन् वाऱ्यानं पाडलं तं माझं. असा फायदा आहे बघा सर.”

आम्ही बसलो असतानाच दोन बायका आणि तीन-चार मुले पाट्या घेऊन आली. पडलेल्या फळांतली बरी फळे त्या निवडत होत्या. त्या शेजारच्या वस्तीवरच्या. त्यांना शेत नाही. गळीतली फळे नेण्याची त्यांना मुभा होती. चांगली असतील ती आठवडी बाजारात ढीग लावून विकली जात, उरलेली घरी खाल्ली जात. एक मुलगा मोसंबी सोलून तिथेच खाऊ लागला. फळ तुरट असावे, कारण त्याने तोंड वाकडे केले. पण ते टाकले नाही. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो शब्दकोशातल्या दुसऱ्या अर्थाचा होता, यात शंका नाही. अनपेक्षित लाभ. आणि त्याच्यापासून दहा पावलांवर बाजेवर जे गृहस्थ बसले होते त्यांच्यापाशी पहिला अर्थ होता. एकाच वाऱ्याने दोन्ही अर्थ एकाच झाडाखाली आणून ठेवले होते.

परत आल्यावर आम्ही शब्दकोश पुन्हा काढले. ‘विंडफॉल’ हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकापासून मिळतो. आरंभी अर्थ साधा : वाऱ्याने पाडलेली वस्तू, झाड किंवा फळ. ‘अकस्मात लाभ’ हा अर्थ सोळाव्या शतकातला. मधल्या काळात काय झाले असावे, हे समजून घेण्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडमधली राने आठवावी लागतात. राने राजाची किंवा जमीनदाराची. उभे झाड तोडणे हा गुन्हा. पण वाऱ्याने आडवे केलेले झाड, मोडलेली फांदी, हिच्यावर हक्क कुणाचा, हा वेगळाच प्रश्न होता, आणि तो ठिकठिकाणच्या रूढीप्रमाणे सुटत असे. ज्याला उभ्या झाडाला हात लावण्याची परवानगी नाही, त्याच्या चुलीला वाऱ्याने पाडलेले लाकूड म्हणजे देवाची देणगीच. विंडफॉलला लाभ म्हणणारा माणूस झाडाचा मालक असणे कठीण. लाभ हा शब्द वेचणाऱ्याच्या तोंडचा असला पाहिजे.

आमच्या मते ही गोष्ट लहान नाही. आपण विद्यार्थ्यांना सांगतो की शब्दाला अर्थ असतो. शब्दाला उभे राहण्याची जागा असते, हे सांगत नाही. विंडफॉल हा शब्द झाडाखाली, पाटी घेऊन उभा आहे. जो झाडाच्या मालकीच्या बाजूला उभा आहे त्याच्यासाठी मराठीत ‘गळ’ आहे, आणि गळीत लाभाचा लवलेश नाही. आमच्या विद्यार्थिनीला इंग्रजी कमी येत होते असे आम्ही समजलो; प्रत्यक्षात ती आपल्या जागेवरून शब्द वाचत होती, आणि तिच्या जागेवरून तो जुळत नव्हता. मग तिने दुसरा मार्ग धरला. घरात ऐकलेला ‘वारा पडणे’ हा प्रयोग तिला आठवला, आणि तो तरी नुकसानीच्या अर्थाशी जुळत होता. उत्तर चुकीचे होते हे आजही आम्ही नाकारत नाही. वारा थांबणे आणि वाऱ्याने पडणे या भिन्न गोष्टी आहेत. पण ते उत्तर निर्बुद्ध नव्हते. हसण्यासारखे तर मुळीच नव्हते.

विशेष म्हणजे इंग्रजीला हे माहीत आहे. त्या भाषेत एक जुनी म्हण आहे, जॉन हेवुडच्या १५४६ च्या संग्रहात ती सापडते. तिचा आशय असा की, ज्या वाऱ्याने कुणाचेच भले होत नाही तो वारा खरोखरच वाईट. म्हणजे वाईट वाऱ्यानेही कुणाचे तरी भले होतच असते. ही म्हण आम्ही अनेक वर्षे ‘प्रत्येक संकटात काहीतरी चांगले असते’ अशा गुळमुळीत अर्थाने शिकवत आलो. ती तसे म्हणत नाही. ती म्हणते की तुझे संकट हे दुसऱ्याचे चांगले असते. बाजेवर बसून मुलाला मोसंबी खाताना पाहिल्यावर ती म्हण आम्हांला प्रथम कळली.

पुढे हा शब्द आमच्या मुलांना वर्तमानपत्रातच भेटला. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या तेलाच्या देशातील उत्पादनावर आणि इंधनाच्या निर्यातीवर विशेष कर बसवला, आणि मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘विंडफॉल टॅक्स’ असेच छापले. डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द झाला. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले, जगात तेलाचे भाव चढले, आणि तेल काढणाऱ्यांना कष्टावाचून जादा नफा झाला; तो वाऱ्याने पडलेला नफा, म्हणून त्यावर कर. वर्गात हे समजावताना एका मुलाने विचारले, “सर, मग पडलं कुणाचं?” आम्हांला आनंद झाला. विंडफॉल म्हटले की पडले कुणाचे आणि वेचले कुणी, हे दोन्ही विचारावे, एवढेच आम्ही त्या वर्गाला शिकवले होते.

आमच्याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म तिथे झाला. त्यांच्या दासबोधात, सोळाव्या दशकात, वायुस्तवन नावाचा एक समास आहे. श्वासोच्छ्वासापासून सृष्टीतल्या सगळ्या चलनवलनापर्यंत जे जे हलते ते वायूमुळे, अशी त्याची भूमिका आहे. तो समास आम्ही पूर्वी वाचला होता तो अध्यात्माच्या अंगाने. बागेतून परतल्यावर वाचला तेव्हा वेगळीच गोष्ट जाणवली. तिथे वारा कुणाचा पक्ष घेत नाही. तो देत नाही, नेत नाही, पाडत नाही, तो हलवतो. दिले आणि नेले हे हिशेब आपले, आणि ते आपण शब्दांत भरून ठेवतो. इंग्रजांनी विंडफॉलमध्ये भरले, आम्ही वाऱ्यावर सोडण्यात भरले. भाषा शिकवणे म्हणजे हे हिशेब वाचायला शिकवणे, असे आता वाटते. शब्दार्थांची जोडी फळ्यावर लिहून देणे हे त्या मानाने फारच सोपे काम आहे, आणि आम्ही इतकी वर्षे तेच करत होतो.

अंतर्गत गुणांची यादी तोपर्यंत रवाना झाली होती. तो अर्धा गुण बदलता आला नाही, आणि बदलता आला असता तरी कोणत्या नियमाने बदलावा हे आम्हांला सांगता आले नसते. आम्ही तिला वर्गात, सर्वांसमोर, एवढे सांगितले की तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर अपुरे होते. आम्ही हसलो होतो हे मात्र सांगितले नाही. ते सांगण्याचे धैर्य झाले नाही. ते आज इथे लिहून काढत आहोत. ती पुढे पदवी घेऊन गेली. बागेचे काय झाले ते आम्ही विचारलेले नाही.

चाचणीत आम्ही हा शब्द अजूनही देतो. फक्त प्रश्न बदलला आहे. ‘विंडफॉल’ या शब्दाचा अर्थ झाडाच्या मालकाच्या आणि फळ वेचणाऱ्याच्या बाजूने दोन-दोन ओळींत लिहा, असे विचारतो. गुण दोन. पहिल्याच वर्षी एका मुलाने उठून विचारले, “सर, हे गाइडात कुठं आहे?”

गाइडात नाही, असे आम्ही सांगितले. घरी विचारून या.